रंगपंचमीला ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला रंग लावायचा का?

गोदाकाठ:
रंगपंचमी तोंडावर आली आहे, म्हणून आत्ताच विषय काढते. आमच्या नाशिकच्या सोसायटीत नऊ ते बारा वयाची भरपूर मुलं आहेत. गेल्या वर्षी एका मुलीला पोरांनी कोपऱ्यात गाठून रंग फासला. ती ‘नको’ म्हणून ओरडत होती आणि भोवतीचे मोठे ‘अगं, सण आहे’ म्हणत हसत होते. मला पोरांपेक्षा त्या मोठ्यांचा राग आला. समोरच्याचं ‘नको’ मोडलं की सगळे खूश होतात, हा धडा पोरांनी तिथेच घेतला.

यंदा मुलांना आधी बसवून सांगू या: रंग लावण्याआधी विचारा. खेळायचं असेल तो मैदानात, नसेल तो जिन्याजवळच्या कट्ट्यावर. कट्ट्यावरच्याला फुगाही मारायचा नाही. खेळ मधेच सोडून कट्ट्यावर जायलाही मुभा. रहाडीत, म्हणजे आपल्याकडच्या रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, धप्पा म्हणजे उडी मारायला माणूस आपल्या पायांनी जातो. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या रहाडींची मजा त्याने कमी झालेली नाही.

हे सणापुरतंच नको. मुलांचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचारावं, मोरीचं दार वाजवून आत जावं, पाहुण्यांना पापी द्यायला भाग पाडू नये. या वयात शरीर बदलायला लागतं, खेळ मोठ्यांच्या नजरेआड जातात. सवय त्याआधी लागलेली बरी.

निफाडकर:
ताई, हेतू चांगला आहे, पण मला पटत नाही. विचारून लावलेल्या रंगात राम नाही. आम्ही असेच रंगलो, रडलो आणि दुसऱ्या दिवशी एकत्र खेळलो. रुसवे काढायला पोरं यातूनच शिकतात. शिवाय दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. ‘माझ्या अंगाला हात लावू नका’ असं पोरगं नर्सबाईंना म्हणालं तर काय करणार? एकदा प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते असं डोक्यात बसलं, की अभ्यास, आंघोळ, शिस्त, सगळ्यावर वाद सुरू.

गोदाकाठ:
लस द्यायचीच. ती का द्यायची ते सांगायचं, कोणत्या हातावर ते त्याला ठरवू द्यायचं, घाबरला तर जवळ थांबायचं. जिथे पर्याय नाही तिथे विचारल्याचं नाटक करू नये. रंगाला पर्याय आहे. आणि दादा, तुम्हाला दुसऱ्या दिवशी खेळायला आलेली मुलं आठवतात. जी आली नाहीत त्यांना कुणी विचारलं होतं?

सहावी_ब:
मी सहावीला शिकवतो. ही चर्चा नेहमी मुलींभोवती फिरते. मधल्या सुट्टीत मुलगे एकमेकांची चड्डी ओढतात, नको तिथे चिमटे काढतात आणि ज्याची ओढली त्यानंही हसायचं असतं. रडला तर ‘बायल्या’. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि अशा मुलांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. त्याच वर्षी आपल्या राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. याची मला आजही चीड येते.

तक्रार आली की ‘गंमत केली’ हे उत्तर मी चालवून घेत नाही. विचारतो, त्याला गंमत वाटत होती का? कशावरून? मग मुलंच सांगतात: तो गप्प झाला, त्याने अंग चोरलं, त्याचं हसू थांबलं. तोंडाने बोलला नाही तरी ते ‘नको’च, एवढं अकराव्या वर्षी नीट कळतं.

वकिली_चष्मा:
मला दोन्ही बाजूंची काळजी वाटते. ‘विचारलं, हो म्हणाली, मग चालतं’ एवढंच शिकवलंत तर त्यात धोका आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या खालच्या मुलाने लैंगिक बाबतीत दिलेल्या होकाराला काही अर्थ नाही. मोठी व्यक्ती गोड बोलून होकार काढून घेते. ती पुष्कळदा ओळखीतली, घरात येणारी-जाणारी असते. मग मूल स्वतःलाच दोष देतं: ‘मीच हो म्हटलं होतं.’ म्हणून मैदानातले नियम बरोबरीच्या मुलांसाठी ठेवा. मोठ्याने नको तिथे हात लावला आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हटलं, तर मूल हो म्हणालं की नाही हा प्रश्नच काढायचा नाही. दोष मोठ्याचा.

गोदाकाठ:
हे मुलांच्या बैठकीत याच शब्दांत सांगते. ‘नको’ म्हणायला जमलं नाही तरी चूक तुझी नाही, हेही. आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक पाठ करून घेते.

माई_सिन्नर:
मुलींनो, वाचून वाईट वाटलं. नातू आला की मी त्याला कुशीत घेते. आता त्याला विचारू? आम्ही दोन खोल्यांत आठ माणसं राहिलो. मोरीला दार नव्हतं, पडदा होता. माया अशी मोजूनमापून होत नाही. तुम्ही पोरांना आपल्याच माणसांपासून तोडाल.

सहावी_ब:
माई, कुशीत घ्या. तो अंग सैल सोडतो की ताठ करतो हे तुमच्या हातांना कळतंच. ताठ झाला तर सोडा, थोड्या वेळाने आपण होऊन येईल. आणि पडदा असतानाही बाहेरून ‘कोण आहे गं आत?’ विचारूनच जात होतात ना? मी तेवढंच मागतोय.

निफाडकर:
वकीलबाईंचं म्हणणं पटलं. रंगाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण एक अडचण सांगतो. कट्ट्यावर एकटाच मुलगा बसला तर बाकीचे त्याला दिवसभर चिडवतील. त्याचं काय?

गोदाकाठ:
म्हणून कट्ट्यावर मोठी माणसंही बसणार आहेत. माझ्या नवऱ्याला रंगाची ॲलर्जी आहे, तो तिथेच असेल. रंग कालवायचं आणि बादल्या भरायचं काम कट्ट्यावरच्या मुलांकडे देतोय, म्हणजे मैदानातल्यांना सारखं त्यांच्याकडेच यावं लागेल. तरीही चिडवलंच, तर काय करायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. कुणाला सुचत असेल तर रविवारच्या बैठकीआधी सांगा.