मदत हवी आहे : वाड्यावरच्या वाचनालयासाठी पुस्तकं सुचवा

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याजवळ आमच्या वाड्यावर मुलांसाठी छोटं वाचनालय चालवते. गणेशचवथीआधी नवी पुस्तकं घ्यायची आहेत, म्हणून वाचलेल्यांचं स्पष्ट मत हवंय.

कथा-कादंबऱ्यांची फार चिंता नाही. नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ची तर वाचून वाचून शिवण उसवलीय. त्यांच्यानंतर विज्ञानकथेत कोण आवडलं, तेवढं सांगा.

खरी अडचण कलेची. गेल्या वर्षी चित्रकलेवरचं एक पुस्तक मागवलं, तर आत सगळी चित्रं काळी-पांढरी! आठवीतली एक मुलगी पान खिडकीशी धरून विचारत होती, “हातूंतलो निळो रंग खंयचो?” (यातला निळा रंग कुठला?) फार वाईट वाटलं. चित्रकार त्रिंदाद सांग्याचे, सूझा साळगावचे. आपल्याच मातीतल्या चित्रकारांची चित्रं मुलांना रंगांत दिसायला हवीत. असं मराठी पुस्तक कुणी पाहिलंय का?

आणखी एक. पणजीतला संमोहनतज्ज्ञ आबे फारियांचा पुतळा पाहून मुलं संमोहनाबद्दल विचारतात. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या ह्या माणसावर, किंवा मेंदूवर, सोप्या मराठीतलं काही?

छपाई आणि बांधणी कशी आहे तेही लिहा. आमच्या पावसात डिंकाने चिकटवलेली पानं सुटतात.