बुरीराम प्रांताचा इतिहास कोणत्या क्रमाने पाहावा?

प्रश्न

नमस्कार. जानेवारीत थायलंडला जाण्याचा विचार आहे. बँकॉक आणि अयुथ्थया पूर्वी पाहिले असल्यामुळे या वेळी चार दिवस ईशान्येकडील बुरीराम प्रांतासाठी राखून ठेवले आहेत. मुख्य ओढ फानोम रुंगच्या शिवमंदिराची आहे. मागच्या सहलीत प्रत्येक ठिकाणी जेमतेम वीस मिनिटे मिळाली आणि परतल्यावर कोणते देऊळ कोणत्या शतकातले, हेही मला धड सांगता येईना; तसे पुन्हा होऊ नये अशी मनापासून इच्छा आहे. थाई भाषा येत नाही. मुक्काम कोठे करावा, काय आधी पाहावे आणि देवळाखेरीज या प्रदेशाचा इतिहास कोठे दिसतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मुक्काम बुरीराम शहरापेक्षा नांग रोंग या गावी करावा, कारण तेथून फानोम रुंग आणि मुआंग तम ही दोन्ही मोठी मंदिरे जवळ पडतात. टेकडीवर नियमित बस जात नाही. दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे हेच सोयीचे.

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे: आधी मुआंग तम, मग फानोम रुंग. बहुतेक लोक याच्या उलट जातात आणि मग सपाटीवरचे मुआंग तम त्यांना फिके वाटते. वास्तविक ते आधीचे, अकराव्या शतकातले. विटांच्या पाच शिखरांपैकी मधले कोसळले आहे, चार उभी आहेत, आणि त्यांच्याभोवती काटकोनात वळलेली चार तळी आहेत. तळ्यांच्या काठावरील पंचमुखी नागांची डोकी नीट पाहा: ती गुळगुळीत आहेत, त्यांवर मुकुट नाही. त्यानंतर आठ किलोमीटरवरच्या फानोम रुंगला जाऊन तेथील नागसेतूवरचे, म्हणजे नागांच्या कठड्यांच्या पुलावरचे, नाग पाहिले, की त्यांच्या फण्यांवर कोरीव मुकुट चढलेले दिसतात. शंभरेक वर्षांत शैली कशी बदलली, हे कोणत्याही फलकाविना डोळ्यांना कळते.

फानोम रुंग विझलेल्या ज्वालामुखीवर आहे. मुख्य शिखर बाराव्या शतकातले असून ते नरेंद्रादित्य या सरदाराशी जोडले जाते. कंबोडियातील अंगकोर वाट मंदिर उभारणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्मन या ख्मेर राजाचा तो नातलग. उत्तरायुष्यात त्याने तपस्वी जीवन पत्करले आणि त्याचा मुलगा हिरण्य याने वडिलांची स्तुती संस्कृत शिलालेखात कोरवून ठेवली. सूर्यवर्मनचे महीधरपुर घराणे मूळचे ईशान्य थायलंडच्या याच पठारावरचे मानले जाते, त्यामुळे या प्रदेशाला ख्मेर राजधानी अंगकोरचा दूरचा कोपरा समजणे मला बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे; एक भर घालतो. फानोम रुंगच्या मुख्य गाभाऱ्याच्या पूर्वद्वारावरील शेषशायी विष्णूच्या शिल्पपट्टीसमोर घाई करू नका. नाभीतून निघालेले कमळाचे देठ, त्यावर बसलेला ब्रह्मदेव, पायाशी लक्ष्मी, आणि या साऱ्याच्या वर नृत्य करणारा शिव, हे आपल्याला ओळखीचे वाटते. मात्र त्या दगडाचा अलीकडचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा आहे. १९६० च्या दशकात तो चोरीला गेला आणि पुढे अमेरिकेत शिकागोच्या संग्रहालयात आढळला. थायलंडमध्ये त्यासाठी मोठी लोकचळवळ झाली आणि १९८८ मध्ये तो परत येऊन आपल्या जागी बसला. मंदिराचा दगडन्‌दगड क्रमांक घालून पुन्हा रचण्याचे काम १९७१ मध्ये सुरू झाले होते, तेही त्याच वर्षी पूर्ण झाले. याच प्रांतातील नोंग होंग मंदिराची शिल्पपट्टी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून परत आली. वस्तू गेली कशी आणि आली कशी, हा या प्रांताच्या इतिहासाचा फार मोठा भाग आहे, आणि मला तो मनापासून जवळचा वाटतो.

एप्रिल व सप्टेंबरच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचे किरण एका रेषेतील पंधरा दारांतून आरपार जातात. आपण जानेवारीत जात असल्याने तो योग नाही, पण त्याची हळहळ नसावी: त्या दिवसांत गर्दी एवढी असते, की कोरीवकाम पाहणे होतच नाही.

प्रतिसाद ३

देवळाखेरीज काय, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते पाणी, रस्ता आणि भट्ट्या असे आहे. मुआंग तमच्या उत्तरेला एक किलोमीटरहून लांब जुना तलाव असून त्यात आजही पाणी साठते. मंदिर पाहून झाल्यावर त्याच्या बांधावर थोडे चाला. अंगकोरहून फिमाय या ईशान्य थायलंडमधील ख्मेर मंदिरनगरीला जाणारा राजमार्ग याच प्रांतातून जात असे. ख्मेर राजा सातव्या जयवर्मनच्या ११९१ च्या शिलालेखात या मार्गावरील सतरा वह्निगृहांचा, म्हणजे प्रवाशांच्या विश्रामस्थानांचा, उल्लेख आहे. त्याच राजाच्या आरोग्यशाळांपैकी दोहोंची जांभ्या दगडातील देवळे फानोम रुंगच्या पायथ्याशी आणि मुआंग तमजवळ उभी आहेत. रुग्णांच्या निवासाचे लाकडी बांधकाम काळाच्या ओघात गेले, देऊळ तेवढे राहिले.

बान क्रुआत भागात तपकिरी झिलईच्या भांड्यांच्या जुन्या भट्ट्या सापडल्या आहेत. तेथे घडवलेल्या हत्तीच्या व पक्ष्याच्या आकाराच्या चुनाळ्यांमध्ये विड्याचा चुना ठेवत असत. एवढीशी वस्तू त्या काळच्या घरात नेऊन सोडते. मात्र बान क्रुआत कंबोडियाच्या सीमेला लागून आहे आणि २०२५ मध्ये त्या सीमेवर सशस्त्र चकमकी झाल्या, त्यामुळे तिकडे निघण्यापूर्वी परिस्थितीची चौकशी अवश्य करावी.

भाषेची चिंता करू नका. पण वाहनचालकाला घरी कोणती भाषा बोलतात, हे जरूर विचारा. या प्रांतात लाओ वळणाच्या इसानी (ईशान्य थायलंडच्या) बोलीबरोबर ख्मेर आणि कुई भाषाही बोलल्या जातात. फानोम रुंग हे नावच ख्मेर आहे. त्याचा अर्थ विशाल पर्वत, आणि ते जुन्या शिलालेखांतही येते. सीमा कोठे आखली गेली आणि माणसे कोठे राहत होती, हे दोन निराळे विषय आहेत, हे तेथील लोकांशी बोलताना जितके जाणवते तितके ते पुस्तकातून मला कधी जाणवले नव्हते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुआंग तमपासून सुरुवात करण्याचे निश्चित केले आहे. वह्निगृहांपैकी एखादे वाटेत पाहता येईल का?

प्रतिसाद ३

होय, प्राखोन चाय तालुक्यातील बान बू येथील पाहता येईल. ते एका शाळेच्या आवारात आहे, म्हणून आत जाताना शाळेतील कोणाला तरी विचारून जावे. जांभ्याच्या भिंती बऱ्याच ढासळल्या आहेत. या प्रकारच्या इमारतींना खिडक्या केवळ दक्षिणेच्या बाजूला ठेवत. तेथे पोहोचल्यावर आधी ती बाजू शोधा, म्हणजे उरलेल्या भिंतींची मांडणी आपोआप लक्षात येईल.