ह्यूस्टनमधील बेघर माजी सैनिकांसाठी आमच्या मंडळाने नेमके काय करावे?

ह्यूस्टनवासी

नमस्कार. ह्यूस्टनमधील आमचे मराठी मंडळ गेली काही वर्षे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात उड्डाणपुलांखाली राहणाऱ्या माणसांना ब्लँकेटे आणि जेवणाची पाकिटे वाटत आले आहे. त्यांच्यापैकी काही जण आपण सैन्यात होतो असे सांगतात. यंदा जमलेले सुमारे चार हजार डॉलर आणि तीसेक स्वयंसेवकांचा वेळ अशा माजी सैनिकांसाठीच वापरावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. त्याआधी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ज्या देशात गणवेशातल्या माणसाला विमानात आधी चढू देतात, तेथे सैनिक रस्त्यावर येतोच कसा? आणि २०१५ साली शहराने माजी सैनिकांचे बेघरपण जवळपास संपल्याचे जाहीर केले होते, तर मग ही माणसे आली कोठून?

बायोकाठचा

मी येथील एका पुनर्वसन संस्थेत सहा वर्षे स्वयंसेवक आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

२०१५ ची घोषणा खोटी नव्हती, पण तिचा अर्थ लोकांनी आपापल्या सोयीने लावला. विहिरीला झरे चालूच असतात; उपसा झऱ्यांपेक्षा जलद झाला, एवढेच तेव्हा साधले होते. म्हणजे बेघर माजी सैनिकांची नावानिशी यादी तयार झाली, निरनिराळ्या संस्था आपापली वही बाजूला ठेवून त्या एकाच यादीवर काम करू लागल्या, आणि नव्याने रस्त्यावर आलेल्याला लवकर घर देता येईल अशी व्यवस्था उभी राहिली. देशभरातही फरक पडला: एका रात्रीच्या शिरगणतीत जानेवारी २०१० मध्ये सुमारे ७४ हजार बेघर माजी सैनिक आढळले होते, तर जानेवारी २०२४ मध्ये ३२,८८२, आणि हे त्याच वर्षी घडले, ज्या वर्षी देशातील एकूण बेघरांचा आकडा वाढला होता.

याचे मोठे श्रेय ‘हड-व्हॅश’ या योजनेला जाते. तिच्यात माजी सैनिक आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम भाड्यापोटी देतो, उरलेले भाडे गृहनिर्माण प्राधिकरण थेट घरमालकाला देते आणि माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा एक केस मॅनेजर त्या माणसाच्या पाठीशी राहतो. आधी व्यसन सोडा, मग घर देऊ, अशी अट तिच्यात नाही. अडते ते घरापाशी. हातात या भाड्याच्या मदतीचे, मुदत असलेले हमीपत्र म्हणजे व्हाउचर असते, परंतु जुने भाडे थकल्याची नोंद, एखादा पोलीस गुन्हा किंवा घराच्या सरकारी तपासणीचा कंटाळा, अशा कारणांनी घरमालक नकार देतात आणि मुदत संपत येते.

म्हणून स्पष्टच लिहितो. आपल्या मंडळात किती जणांनी दुसरे घर घेऊन भाड्याने दिले आहे, ते एकदा मोजा. त्यांपैकी दोघांनी जरी व्हाउचर स्वीकारले, तरी चार हजार डॉलरच्या ब्लँकेटांपेक्षा ते काम मोठे ठरेल.

निवृत्त सुभेदार, सातारा

मुलगा डॅलसला असल्यामुळे तेथील हा प्रकार मी दोनदा पाहून आलो आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर निवृत्तिवेतनात आहे. आमच्याकडे शिपाई पंधरा वर्षे भरला की पेन्शन घेऊन गावी येतो, गावात घर असते, भाऊबंद असतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाद मागता येते. (पुण्यात बारा-बारा तास सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे माझे सोबतीही आहेत, तेव्हा आमचे सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही.) अमेरिकेत नेहमीच्या निवृत्तिवेतनाला वीस वर्षे सेवा लागते, आणि पुष्कळ मुले पहिल्या चार वर्षांच्या करारानंतरच बाहेर पडतात. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, पेन्शन नाही, घर आईवडिलांचे, त्यात युद्धाचा मनावर झालेला आघात; लग्न मोडले किंवा नोकरी गेली की सावरायला कोणी उरत नाही.

स्वयंसेवकांना एवढे सांगावे, की त्या माणसाची विचारपूस ‘कोणत्या युनिटमध्ये होतात’ या प्रश्नाने करावी. कीव केली की सैनिक पाठ फिरवतो.

सॅन डिएगोची परिचारिका

सुभेदारसाहेबांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. १९८८ साली आमच्या शहरात व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांनीच ‘स्टँड डाउन’ हा उपक्रम सुरू केला. युद्धात दमलेल्या तुकडीला आघाडीवरून मागे सुरक्षित जागी विश्रांतीला आणतात, त्यावरून हे नाव आले. तीन दिवस तंबू ठोकून अंघोळ, जेवण, दातांची तपासणी, वकिलाचा सल्ला, सारे एकाच मैदानात मिळत असे, आणि पुढे कित्येक शहरांनी ते उचलले. मी तेथे वैद्यकीय तंबूत काम केले आहे. पण खरी रांग कागदपत्रांच्या टेबलापुढे असते. सेवामुक्तीचा ‘डीडी-२१४’ हा कागद हरवला, की सरकारी दारे उघडायला फार वेळ लागतो. ज्यांच्या त्या कागदावर सन्मानपूर्वक निवृत्तीचा शेरा नाही, त्यांच्यापैकीही काहींना आता घराच्या योजना लागू होतात, तेव्हा स्वयंसेवकांनी परस्पर ‘तुम्ही पात्र नाही’ असे कोणालाही सांगू नये. १-८७७-४२४-३८३८ या सरकारी मदतवाहिनीवर त्यांच्यासमोरच फोन लावून द्यावा.

पैशांबद्दल म्हणाल, तर मिळालेले घर रिकामे असते. गादी, दोन पातेली, चादरी, न्हाणीघराचा पडदा, डबा उघडण्याचे यंत्र एवढे नसल्यामुळे नव्या घरातही जमिनीवर झोपणारी माणसे मी पाहिली आहेत.

ह्यूस्टनवासी

सर्वांचे मनापासून आभार. मी कार्यकारिणीत विषय काढला. दोन सभासद घर देण्यास तयार आहेत, मात्र अनामत रक्कम कोण भरणार, असे त्यांनी विचारले आहे.

बायोकाठचा

माजी सैनिकांच्या कुटुंबांना आधार देणारी ‘एसएसव्हीएफ’ ही वेगळी सरकारी योजना आहे; तिच्या निधीतून स्थानिक संस्था अनामत आणि विजेच्या जोडणीची रक्कमही भरू शकतात. त्या दोघांनी घराचा पत्ता, मागणीचे भाडे आणि घर कधी रिकामे होणार ते मला व्यक्तिगत संदेशाने कळवावे. मी त्यांची आमच्या समन्वयकाशी गाठ घालून देतो. तुमचे चार हजार डॉलर गाद्यांसाठी राखून ठेवा.