मदत हवी आहे: सदाशिव पेठेतला जुना फ्लॅट भाड्याने द्यायचाय, वर्षाचा खर्च किती धरावा?

इमारत 1984 ची, 12 फ्लॅटची सोसायटी, लिफ्ट नाही. वन बीएचके, तिसरा मजला. आजवर घरचेच राहत होते. भाडं 18,000, अनामत 50,000 ठरतंय. मेंटेनन्स महिना 2,500 आणि मिळकतकर वर्षाला 9,000 वजा केले, तर 1,77,000 हातात राहतात. काही सुटतंय का?

प्रतिसाद 1
आधी मिळकतकराचं बिल नीट बघा. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे मनपा 40 टक्के सवलत देते, भाडेकरू आला की ती जाते. 9,000 चं बिल सवलतीचं असेल तर 9,000 भागिले 0.6, म्हणजे साधारण 15,000 धरा. फ्लॅट भाड्याने दिल्याचं कळवलं नाही तर फरक थकबाकी होऊन अंगावर येतो.

दुसरं, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते जादा शुल्क. 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. सेवाशुल्क हा मेंटेनन्सचाच एक भाग; 2,500 पैकी ते 1,800 असेल तर महिना 180, वर्षाला 2,160. काही सोसायट्या अख्ख्या मेंटेनन्सवर 10 टक्के लावतात, म्हणून सेक्रेटरींकडे बिलाची फोड मागा.

लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाड्याच्या कराराची, नोंदणी ही कायद्याने मालकाची जबाबदारी. 11 महिन्यांच्या करारावर 0.25 टक्के मुद्रांक म्हणजे सुमारे 500 आणि नोंदणी फी 1,000. एजंट असेल तर त्याचे वेगळे.

प्रतिसाद 2
जुन्या इमारतीत खरा फटका दुरुस्तीचा. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते तो निधी, बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के असतो, आणि तो खर्च बांधला तेव्हाचा. फ्लॅटमागे 1 लाख धरला तर वर्षाला फक्त 250 रुपये! त्यामुळे गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा कॉलमची दुरुस्ती निघाली की जादा वर्गणी ठरलेलीच. 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, दर 3 वर्षांनी हवं. शेवटचा अहवाल मागवून वाचा, कुठला कॉलम फुगलाय ते त्यात कळतं.

घरात पहिली नजर बाथरूमवर. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेचा सांधा सुटला की पाणी संकमध्ये, म्हणजे बाथरूमच्या फरशीखालच्या भरावात, मुरतं आणि खालच्यांच्या छताला पिवळा डाग येतो. ट्रॅप बोळ्याने बंद करून फरशीवर दोन इंच पाणी 24 तास ठेवा आणि खालच्यांकडे जाऊन छत बघा. संडास-बाथरूममधली गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची सोसायटीने. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून अरुंद होतात. वरच्या टाकीत पाणी असूनही नळाला धार बारीक येत असेल तर भिंत फोडायची वेळ आली असं समजा. भाडेकरू यायच्या आधी हे उरकलेलं परवडतं.

प्रतिसाद 3
रंग, प्लंबिंग, वायरिंगसाठी वर्षाला दीड महिन्याचं भाडं, म्हणजे 27,000, आणि एक महिना रिकामा धरा. मग असं होतं: 11 महिन्यांचे 1,98,000, त्यातून मेंटेनन्स 30,000, नॉन-ऑक्युपन्सी 2,160, कर 15,000, दुरुस्ती 27,000, करार 1,500. उरतात 1,22,340, महिना सुमारे 10,200. जादा वर्गणी यात नाही, ती वेगळी बाजूला टाका.

आयकरात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. दुरुस्ती कितीही केली तरी तिची वेगळी वजावट नाही, पण कराची पावती मात्र जपून ठेवा.