लेबल-लोगोसाठी ग्राफिक डिझायनर हवाय, मुंबईतला (मदत करा)

नमस्कार मंडळी, आमची वहिनी गिरगावातून घरगुती मसाले नि चटण्या विकते, आता दोन-तीन दुकानदार माल ठेवायला तयार आहेत पण म्हणतात आधी पॅकेट नीट करा. सध्याचा लोगो पुतण्याने मोबाईलवर अ‍ॅपमध्ये केलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर झकास दिसतो, पण छापून आला की मिरचीचा लालभडक रंग पार विटकरी, कारण स्क्रीन आरजीबीत (लाल-हिरवा-निळा प्रकाश) आणि छपाई सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी अशा चार शाया), शिवाय तीच जेपीजी बॅनरसाठी मोठी केली की कडा फाटतात. वर जोडाक्षरं तुटलेली, गिऱ्हाईक हसतं हो!

दादा म्हणतो डिझायनरला कशाला पैसे, प्रेसवाला फुकट करून देतो. देतो खरा, पण शेजारच्या पापडवाल्याचं लेबलही त्याच साच्यातलं असतं ना. आणि एवढ्याशा पॅकेटवर हिरवी खूण, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी नंबर, वजन, एमआरपी, घटक हे सगळं वाचता येईल असं बसवायचं, ते आपलं काम नाही, सरळ जाणकाराला द्यावं असं माझं मत.

तर मराठी अक्षरं नीट हाताळणारं कोणी माहितीये का? लोगो नि लेबलचे पैसे वेगवेगळे घेतात की एकत्र? किती वेळा बदल करून देणार ते आधीच लिहून घ्यावं का? आणि ओपन फाईल, म्हणजे नंतर बदल करता येईल अशी कोरल किंवा इलस्ट्रेटर या डिझाईन सॉफ्टवेअरची, मागितली तर देतात की जास्तीचे लावतात? दिवाळीआधी माल दुकानात लागायला हवा, आधी केलेली कामं दाखवलीत तर फार बरं होईल.