६१७४ : २१११ घेतली की शून्य का येतं? आणि ६१७४च का?

शिकवणी_सिन्नर
आठवीच्या मुलांना काल कापरेकर स्थिरांक दाखवला. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच, की शेवटी ६१७४ येतं. ३५२४ घेतली: ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. मुलं एकदम खूश! तेवढ्यात एका मुलीने २१११ घेतली. २१११ − १११२ = ९९९, आणि पुढे ९९९ − ९९९ = ०. वर तिचा प्रश्न, "मॅडम, पण ६१७४च का?" तिला वहीत स्वतः करून बघता येईल असं कारण कुणी सांगेल का?

रात्रपाळी
९९९ नाही, ०९९९ लिहायला सांगा. ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. चारही अंक सारखे असतील तेवढ्याच संख्या वगळायच्या.

निवृत्त_गणितशिक्षक
ताई, त्या मुलीला शाबासकी द्या, खरा प्रश्न तिनेच विचारलाय. बहुतेक ठिकाणी ६१७४ जादू म्हणून दाखवतात आणि विषय संपवतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण सातवी-आठवीच्या बीजगणितात बसतं.

उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी मांडली की उरतं:

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. जोड्या मोजा: २ + ३ + … + १० = ५४. हजारो संख्यांमधून कुठलीही घ्या, पहिल्याच वजाबाकीत ती या ५४ पैकी एकीवर येते. त्यातही बऱ्याच जणींचे अंक तेच, फक्त जागा वेगळ्या. तसे गट केले की ३० उरतात. वर्गात वाटून द्या, एका तासात सगळ्या तपासून होतात. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात.

आता ७, ६, ४, १ घ्या. फरक ६ आणि २. ५९९४ + १८० = ६१७४. स्वतःवरच परत येते, आणि त्या ५४ मध्ये अशी ही एकटीच.

कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे. १९४९ साली त्यांना हे सापडलं, तेही हाताने आकडेमोड करून. मुलांना हे जरूर सांगा. आणखी एक: ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन. शिवाय १८ + १८² + १८³ = ६१७४!

शिकवणी_सिन्नर
सर, मनापासून आभार. १८ चं कागदावर करून बघितलं, अंगावर काटा आला. पाच अंकी संख्यांनाही असंच एक उत्तर आहे का?

निवृत्त_गणितशिक्षक
नाही. तिथे संख्या फेऱ्यात अडकतात. ५३९५५ घ्या: ९५५५३ − ३५५५९ = ५९९९४, आणि ९९९५४ − ४५९९९ = परत ५३९५५. त्याआधी तिला तीन अंकी द्या. तिथे उत्तर ९९ × (अ − क), म्हणजे फक्त नऊच शक्यता. कुठे थांबते ते मात्र सांगू नका, तिचं तिला काढू दे.