फटफटीचं वेड कुठून लागलं, आणि आता माकडहाड काय म्हणतंय?

पायपुरेना
काल ऐन मीटिंगमध्ये खिडकीखालून येझदी गेली. पाहिली नाही, नुसती ऐकली. ढण्-ढण्-ढण्, मध्ये एक हुकलेला ठोका, परत ढण्. पुढे कोण काय बोललं ते डोक्यात शिरलंच नाही, कारण तोवर मी मामाच्या टाकीवर जाऊन बसलो होतो.

सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हे कोडं मला शाळा संपेपर्यंत सुटलं नव्हतं. त्याहून मोठी जादू म्हणजे तो गिअरचा दांडा. आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक व्हायची, आणि गाडी सुरू झाली की खाली येऊन पुन्हा गिअर. मामा हे मुद्दाम सावकाश करून दाखवायचा आणि आम्ही पोरं दर वेळी तितक्याच भक्तिभावाने बघायचो. मग ज्याचा नंबर असेल त्याने टाकीवर. हँडलचा मधला भाग धरायचा, पाय इंजिनापासून लांब ठेवायचे आणि वळणावर मामाच्या दंडाखाली डोकं घालायचं.

परवा नवीन गाडी बघायला गेलो. विकणारा मुलगा मोड सांगतोय, ब्लूटूथ सांगतोय, टॉर्कचे आकडे सांगतोय, आणि मी सीट अंगठ्याने दाबून बघतोय. तोही हुशार. म्हणाला, "काका, गादी मऊ आहे हां."

काका!

तर लिहा. कुणामुळे लागलं, कुठल्या गाडीने लावलं आणि आता कशावर बसता? स्कूटर-मोपेडवाले चालतील. मागे बसणारेही.

जळकंऑईल
येझदी म्हणजे आधी वास. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) मिसळायचं काम माझ्याकडे असायचं. मैसूरचा कारखाना ९६ ला बंद झाला, तरी ही गाडी अजून कुणाच्या तरी खिडकीखालून जातेच.

रानवारा
मस्त धागा. वाचतेय. कुकर लावून येते.

मधलीआळी
आमच्याकडे अण्णांची बुलेट. जुनी, म्हणजे उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. न्यूट्रल शोधायला टाचेखाली वेगळा दांडा. मी शिकले तीच त्या गाडीवर, त्यामुळे नंतर इतर कुठल्याही गाडीवर बसले की पाय आपोआप उलटे चालायचे.

पण खरं वेड लागलं ते किकच्या विधीमुळे. विधीच तो. सावकाश किक दाबत जायचं, पाय अडला की थांबायचं. चावी फिरवायची. हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरचा काटा एका बाजूला कललेला दिसायचा. मग डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, छोटी लिव्हर ओढून किक थोडीशीच पुढे न्यायची, काटा मध्यावर आला की लिव्हर सोडायची, पाय परत वर, आणि आता एक सणसणीत लाथ. अण्णांचं वाक्य ठरलेलं, "काट्याकडे बघ, पायाकडे नको." माझं वजन तेव्हा इतकं कमी की नुसत्या जोराने गाडी सुरू होणं शक्यच नव्हतं. पण काटा बरोबर पकडला तर ती माझ्याही पायाने सुरू व्हायची, आणि गल्लीतले धिप्पाड दादा लोक नुसतेच घामाघूम व्हायचे. त्या सुखाची सर मला पुढे कशालाच आली नाही, बोर्डाच्या निकालालाही.

सीट म्हणाल तर अण्णांना स्प्रिंगची सुटी गादी, मागे आईला वेगळी चौकोनी. खड्डा आला की अण्णा वर आणि आई खाली, पुढच्या क्षणी उलट. दोघांचं बोलणं तसंच तुटक तुटक चालायचं.

टवाळ
बुलेटवाल्यांचा किक मारायला जेवढा वेळ जातो त्याच्या तिप्पट ती कशी मारायची हे सांगण्यात जातो :)

मधलीआळी
@टवाळ, पेडल मारून लूना सुरू करणाऱ्यांनी गप्प बसावं.

टवाळ
लूनाला काही बोलायचं नाही हां. पेट्रोल संपलं तर तुझी बुलेट ढकलावी लागते, माझी लूना मी सायकल समजून घरी आणतो. ७२ साली आली, ५० सीसी, आणि अख्ख्या घराची होती. सकाळी बाबा, दुपारी ताई, संध्याकाळी मी.

किरकोळ
हे मात्र खरं. आईने आयुष्यात चालवलेली एकमेव गाडी लूना. पदर खोचून.

सुसाट_पण_सावकाश
कुणीच यामाहाची आरएक्स १०० म्हणेना म्हणजे कमाल झाली! ९८ सीसी, ११ बीएचपी, आकडे कागदावर एवढुसे. पण अंगाने हलकी, आणि थ्रॉटल पिळला की पुढचं चाक जमिनीची परवानगी घ्यायचं नाही. ८५ ला आली, ९६ पर्यंत निघत होती. त्याच ८५ साली हिरो होंडाची सीडी १०० पण आली. म्हणजे एकाच वर्षी बापाला हवी ती आणि पोराला हवी ती अशा दोन्ही गाड्या बाजारात. घरोघरी त्यावरून काय झालं असेल ते सांगायला नको. आमच्याकडे सीडी आली. पेट्रोल भरायचं आणि विसरून जायचं. वडील खूश, मी कॉलेजच्या गेटवर दुसऱ्यांच्या आरएक्सचा आवाज ऐकत उभा.

आरएक्स शेवटी नोकरी लागल्यावर घेतली, जुनी. अजून आहे. सीट सपाट, लांब, दोन माणसं आणि मध्ये एक दप्तर. आजकालच्या गाड्यांना अशी सपाट सीट का देत नाहीत?

जळकंऑईल
@सुसाट, आणि राजदूत ३५०? दोन सिलिंडर, सहा गिअर, १९८३! आमच्या भागात एकाकडेच होती. तो येतोय हे आधी पेट्रोल पंपावरच्या पोराला कळायचं.

सुसाट_पण_सावकाश
हाय टॉर्क का लो टॉर्क? दोन प्रकारची निघायची ना ती, हाय जास्त ताकदीची.

जळकंऑईल
तो हाय म्हणायचा. सगळेच हाय म्हणायचे.

डबलसीट
मागच्या सीटबद्दल कुणी बोलणार आहे का? की तिथे कुणी बसतच नाही? :(

माझी बाईकची आवड म्हणजे मागे बसण्याची आवड, आणि ती कमअस्सल आहे असं मी मानत नाही. लहानपणी बाबांच्या राजदूतवर मागे बसून पाठीला कान लावला की त्यांचं गुणगुणणं आतून ऐकू यायचं. लग्नानंतर नवऱ्याच्या मागे बसून घाट केले, पाऊस केला. मग त्याने हौसेने नवी गाडी घेतली. नाव नको, घरात शांतता हवी आहे. पुढे त्याला ऐसपैस बैठक, आणि मागे एक पायरी चढून माझ्यासाठी पाटाएवढी फळी. धरायला काही नाही. ब्रेक लागला की त्याच्या पाठीवर, गाडी उचलली की मागे. वर हा विचारतो, "मस्त आहे ना?"

साडीत एका बाजूला बसायचं तर विषयच संपला. वकील मैत्रिणीने सांगितलं की मोटार वाहन नियमांतला १२३ नंबरचा नियम यासाठीच आहे. मागच्या माणसाला हाताने धरायला पक्की सोय, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असा गार्ड. कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. आणि आमचे चिरंजीव सर्वात आधी साडी गार्डच काढायला निघाले, "लूक जातो" म्हणून. मी म्हटलं, लूक जाऊ दे, आई राहू दे.

रानवारा
@डबलसीट, शेवटचं वाक्य =)) कुकर झाला. चौथी शिट्टी तुमच्यामुळे मोजायची राहिली.

हाडवैरी
पेशाने फिजिओ, म्हणून राहवत नाही.

@पायपुरेना, अंगठ्याने दाबून सीट कळत नसते. आपण बसतो तेव्हा भार येतो कुल्ल्यांच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. सीट त्या दोन्ही हाडांखाली पुरेल इतकी रुंद हवी. अरुंद असली की भार मधल्या मऊ भागावर जातो, तिथल्या नसा दबतात, मग मुंग्या आणि बधिरपणा. आणि फार मऊ फोम हे शोरूमपुरतं सुख आहे. तासाभरात तो दबून बसतो आणि हाडं खालच्या प्लास्टिकला टेकतात. लांबच्या प्रवासासाठी केलेल्या सीटा हाताला टणक लागतात त्या म्हणूनच.

दुसरं म्हणजे उतार. सीट टाकीकडे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला माणूस पुढे घसरतो आणि दिवसभर हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. संध्याकाळी मनगटं-खांदे दुखतात आणि शिव्या खातं हँडल. ताठ बसायची गाडी असेल तर वरचं सगळं वजन बुडावर आणि खड्ड्याचा दणका थेट मणक्यात. थोडं पुढे झुकून बसायची असेल तर तोच भार हात, पाय आणि बैठक वाटून घेतात. म्हणजे सीट एकटी बघायचीच नाही. सीट, फूटरेस्ट, हँडल हा त्रिकोण बघायचा.

जेल पॅड दाब पसरवतं, पण उन्हात उभं राहिलं की तापतं आणि लवकर निवत नाही. हवेची गादी घेतलीत तर कमी भरा, टम्म फुगवली की माणूस तिच्यावर डुलतो. आणि गाडी घेण्याआधी अर्धा तास चालवू देत नसतील तर निदान स्टँडवरच दहा मिनिटं बसून राहा, लाज सोडून.

पायपुरेना
@हाडवैरी, दहा मिनिटं बसलो तर तो मुलगा आजोबा म्हणेल.

दीडवीत
मला कायम दुसराच प्रॉब्लेम. उंची. कॅटलॉगमध्ये सीटची उंची वाचून गाडी बाद करू नका, बुटक्यांनो! पाय टेकणं सीटच्या पुढच्या रुंदीवरही असतं. टाकीजवळ सीट निमुळती असेल तर उंच गाडीवरही पाय पोचतात, आणि तिथे रुंद असेल तर कमी उंचीचीही मांड्या फाकवते. कुशनवाल्याकडे जाऊन फोम तासून घेणाऱ्या मैत्रिणी आहेत. पाय टेकतात, पण जाडी जाते आणि मग हाडवैरी म्हणतात तसं खालचं प्लास्टिक लागतं. तासायचाच असेल तर कडा तासा, मधला नको. जाडी कमी करायचीच झाली तर वरून कडक फोमचा थर मागा. माझ्या माणसाने दाट रिबॉन्डेड फोम (तुकडे दाबून केलेला) घातला आणि त्यावर पातळ मऊ थर. हाताला दगड लागतो, बसल्यावर नाही.

भटक्या_विमुक्त_नाही
लांब पल्ल्याची हौस आहे म्हणून थोडं. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची लोकं आहेत, त्यांची सॅडलसोर १००० नावाची राइड असते. १००० मैल, म्हणजे १६०० किमीच्या वर, २४ तासांत. ते करायची खुमखुमी मला नाही, पण त्यांच्याकडून एक शिकलो, सीटवर पैसे घालायच्या आधी चड्डी बदला. जाड शिवणीची जीन्स आणि आत गोळा होणारी सुती चड्डी ही निम्मी दुखणी. शिवण नसलेली, घाम सुकणारी घाला. सीटवर जाळीचं कव्हर टाका, खालून वारा खेळतो. अधूनमधून फूटरेस्टवर उभं राहा. आणि तासा-दीड तासाने उतरा, दुखायला लागायची वाट बघू नका.

किरकोळ
इतक्या गंभीर चर्चेत चड्डी पहिल्यांदाच आली.

टवाळ
सीट तापते म्हणणाऱ्यांसाठी इतिहास. १८८५ साली डाइमलरने लाकडी सांगाड्याची ती पहिली पेट्रोल फटफटी केली, पोरगा पाउल फेरी मारायला निघाला. इंजिन पेटवायची तापलेली नळी बरोबर सीटच्या खाली. म्हणतात की सीटने पेट घेतला. म्हणजे सीटची तक्रार गाडीइतकीच जुनी आहे, जेल पॅड शोधायला तेवढा उशीर झाला.

नवाबाप
टाकीवर बसायच्या आठवणी वाचून जीव गलबलला, पण कृपया आता कुणी करू नका. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत, असा नियम २०२२ मध्ये आलाय. मी लेकीसाठी हार्नेस आणला. ती पाठीशी बांधलेली असते आणि सिग्नलला मागून "बाबा भुर्रर" असा हुकूम येतो. बहुतेक लागलं वेड.

डबलसीट
@नवाबाप, तुमच्या मागच्या सीटचं काय? तिची आई कुठे बसते?

नवाबाप
ती गाडी चालवते. मी बसने येतो.

मधलीआळी
:D :D

जळकंऑईल
अवांतर: जावाच्या टाकीला गुडघ्यापाशी रबर असतात ना, त्याचा जोड कुणाकडे आहे का? उजवा मिळाला तरी चालेल, डावा आहे.

सुसाट_पण_सावकाश
माझ्याकडे दोन आहेत. दोन्ही डावे.

जळकंऑईल
अरेरे. विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करा तरी, बघू.